लायब्ररी टाकली, तरी मॉड्यूल सापडत नाही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच तक्रारीची आहेत. ॲपमध्ये बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, घेतली, इन्स्टॉल झाल्याचा निरोपही आला, आणि रन करायला गेलं की ‘मॉड्यूल सापडलं नाही’. कोल्हापुरात आम्ही दूध संस्थांसाठी ॲप बनवतो. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) नोंदवायचं, ब्लूटूथ प्रिंटरवर पावती काढायची, दहा दिवसांचं बिल उत्पादकाला त्याच्या फोनवर दाखवायचं, असं आमचं काम. यातलं प्रिंटिंग, आलेख, ब्लूटूथ हे सगळं दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या लायब्ररींवर उभं आहे, त्यामुळे ही एरर माझ्या रोजच्या कामातली.

ऑफिसात नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात जे सांगते तेच इथे सांगते. कॉम्प्युटर ‘सापडलं नाही’ म्हणाला की त्याला तीन गोष्टी विचारायच्या. कोण शोधत होतं? कुठे शोधत होतं? कोणत्या नावाने शोधत होतं? खालच्या प्रत्येक पत्राचं उत्तर या तिन्हींपैकी कशात ना कशात आहे.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत एका छोट्या कंपनीत आयफोन ॲपवर काम करतो. ॲनिमेशनसाठी कोकोपॉड्समधून (आयफोन ॲपला लायब्ररी आणून जोडणारं साधन) लॉटी ही लायब्ररी घेतली. ‘पॉड इन्स्टॉल’ नीट झालं आणि डीबगमध्ये ॲप चालतंय. टेस्टिंगच्या टीमसाठी आम्ही नंतर ‘स्टेजिंग’ नावाचं वेगळं कॉन्फिगरेशन (बिल्डच्या सेटिंग्जचा संच) बनवलं. त्यावर बिल्ड केलं की मात्र ‘नो सच मॉड्यूल लॉटी’. क्लीन केलं, डिराइव्ह्ड डेटा (आधीच्या बिल्डचा साठवलेला माल) उडवला, मॅक रीस्टार्ट केला, काही फरक नाही. आमचे सिनियर म्हणतात, लॉटीच काढून टाक. काय करू?

उत्तर : लॉटी काढू नका, तिचा यात काही दोष नाही. तुम्ही पत्रात एक गोष्ट फार चांगली केलीत : कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, हे दोन्ही लिहिलंत. डीबगमध्ये चालतं म्हणजे लायब्ररी आहे, तिचं नाव बरोबर आहे, कोडही बरोबर आहे. फरक फक्त स्टेजिंगचा. मग शोध तिथेच घ्यायचा.

आता आत काय घडतं ते बघा. तुमच्या वर्कस्पेसमध्ये दोन प्रोजेक्ट आहेत, एक तुमचं आणि एक कोकोपॉड्सने बनवलेलं ‘पॉड्स’ नावाचं. एक्सकोड, म्हणजे ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, बिल्ड करताना प्रत्येक कॉन्फिगरेशनचा माल वेगळ्या फोल्डरात टाकतं. डीबगचा ‘डीबग-आयफोनसिम्युलेटर’ या फोल्डरात, रिलीजचा ‘रिलीज-आयफोनसिम्युलेटर’मध्ये, आणि तुमच्या नव्या कॉन्फिगरेशनचा ‘स्टेजिंग-आयफोनसिम्युलेटर’मध्ये. पॉड्स प्रोजेक्टला कोणती कॉन्फिगरेशन्स द्यायची हे कोकोपॉड्स ‘पॉड इन्स्टॉल’ चालवण्याच्या क्षणी तुमच्या प्रोजेक्टकडे बघून ठरवतं. तुम्ही स्टेजिंग त्यानंतर बनवलंत. त्यामुळे पॉड्स प्रोजेक्टला ते नावच माहीत नाही. स्टेजिंगवर बिल्ड करा म्हटलं की ते काही कुरकुर न करता आपल्या डिफॉल्टवर, म्हणजे रिलीजवर जातं. लॉटी तयार होते, अगदी व्यवस्थित तयार होते, पण रिलीजच्या फोल्डरात. तुमचं ॲप मात्र तिला स्टेजिंगच्या फोल्डरात शोधतं.

हे माझ्या शब्दावर मानू नका, स्वतः बघा. फाइंडरमध्ये डिराइव्ह्ड डेटा उघडा, तुमच्या प्रोजेक्टच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘बिल्ड’, त्यात ‘प्रॉडक्ट्स’. स्टेजिंगवर बिल्ड फुटल्यानंतर लगेच बघाल तर दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतील आणि लॉटी चुकीच्या फोल्डरात असेल. डिराइव्ह्ड डेटा उडवून फरक का पडला नाही, तेही इथे कळतं : तुम्ही माल फेकून दिलात, पण तो कुठे ठेवायचा आणि कुठे शोधायचा हे जुनंच राहिलं. पुढच्या बिल्डला तोच माल त्याच चुकीच्या जागी गेला.

उपाय असा. पॉडफाइलमध्ये (कोणत्या लायब्ररी हव्यात ते कोकोपॉड्सला सांगणारी फाइल) ‘प्रोजेक्ट’ने सुरू होणारी ओळ लिहा आणि तिथे सांगा की स्टेजिंगला डीबगसारखं वागवायचं की रिलीजसारखं. काहीच सांगितलं नाहीत तर कोकोपॉड्स नव्या कॉन्फिगरेशनला रिलीज समजतं. टेस्टिंगच्या टीमला ब्रेकपॉइंट वगैरे लागणार असतील तर डीबग सांगा. मग ‘पॉड इन्स्टॉल’ पुन्हा चालवा. त्यानंतर एक्सकोडमध्ये प्रोजेक्टच्या ‘इन्फो’ टॅबवर जाऊन स्टेजिंगसमोर पॉड्सची स्टेजिंगचीच कॉन्फिग फाइल लागली आहे ना, ते डोळ्यांनी तपासा. तिथे डीबगची फाइल दिसली किंवा ‘नन’ दिसलं तर काम अजून बाकी आहे. बिल्ड सेटिंग्जमध्ये ‘फ्रेमवर्क सर्च पाथ्स’ कुणी हाताने भरले असतील तर त्यात ‘इन्हेरिटेड’ आहे ना तेही बघा. ते नसेल तर कोकोपॉड्सने दिलेले पत्ते तुमच्या ॲपपर्यंत पोचतच नाहीत.

याच एररची आणखी पत्रं आली आहेत, म्हणून त्यांचीही कारणं इथेच देते. सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे ‘पॉड इन्स्टॉल’ केल्यावरही जुनी एक्सकोडप्रोज फाइल उघडणं. कोकोपॉड्स नवी एक्ससीवर्कस्पेस फाइल बनवतं आणि इथून पुढे हीच उघडा, असं टर्मिनलवर सांगतंही. पण एक्सकोडच्या ‘रीसेंट’ यादीत जुनीच वर असते आणि हात तिकडेच जातो. जुन्या फाइलमध्ये पॉड्स प्रोजेक्टच नाही, मग लायब्ररी बिल्ड कोण करणार?

दुसरं कारण नावाचं. पॉडफाइलमध्ये लिहायचं नाव आणि कोडमध्ये इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही. लॉटीचं पॉड आहे ‘लॉटी-आयओएस’, इम्पोर्ट मात्र नुसतं ‘लॉटी’. गूगलच्या जाहिरातींचं पॉड आहे ‘गूगल-मोबाइल-ॲड्स-एसडीके’, इम्पोर्ट करायचं ‘गूगलमोबाइलॲड्स’. तिसरं टेस्ट टार्गेटचं. ॲप चालतं, युनिट टेस्ट चालवल्या की मॉड्यूल गायब. पॉडफाइलमध्ये टेस्टचं टार्गेट ॲपच्या टार्गेटच्या आत घ्या आणि त्याला सर्च पाथ्स वारशाने मिळतील अशी ओळ द्या.

एका वाचकाने एररचा पूर्ण मजकूर पाठवला, त्याचे मनापासून आभार, कारण उत्तर त्या मजकुरातच होतं. त्यात लिहिलं होतं की ‘एआरएम ६४’ सिम्युलेटरसाठी मॉड्यूल सापडलं नाही, आणि पुढे : सापडलं ते ‘एक्स ८६-६४’ सिम्युलेटरसाठी. ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या चिपचे मॅक आणले, तेव्हापासून त्या मॅकवरचा सिम्युलेटर एआरएमवर चालतो. तुमची लायब्ररी त्याआधी बांधलेली तयार फ्रेमवर्क आहे आणि तिच्यात इंटेलच्या सिम्युलेटरचाच तुकडा आहे. तिच्या बनवणाऱ्याने ‘एक्ससीफ्रेमवर्क’ स्वरूपातली नवी आवृत्ती काढली आहे का बघा. बहुतेकांनी काढली आहे.

जाता जाता हिंजवडीच्या मित्रांसाठी : कोकोपॉड्सने जाहीर केलं आहे की २ डिसेंबर २०२६ पासून त्यांचं मध्यवर्ती नोंदणीचं ठिकाण फक्त वाचण्यापुरतं उरेल. आज आहेत ते पॉड्स मिळत राहतील, नव्या आवृत्त्या तिथे चढणार नाहीत. नवीन लायब्ररी घेताना ती स्विफ्ट पॅकेज मॅनेजरवर मिळते का ते आधी बघत चला. लॉटी मिळते.

प्रश्न : ताई, मी लातूरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तालुक्यातल्या पावसाच्या नोंदींचं अँड्रॉइड ॲप प्रोजेक्ट म्हणून घेतलंय. आलेखासाठी एमपीअँड्रॉइडचार्ट टाकली तर ‘कुड नॉट फाइंड’. एका जुन्या व्हिडिओत बघून रूटच्या बिल्ड ग्रेडल फाइलमध्ये जिटपॅकची ओळ टाकली, तर वेगळीच एरर : सेटिंग्जमधली रिपॉझिटरी (लायब्ररींचा साठा) चालेल, बिल्ड फाइलमधली चालणार नाही अशी काहीतरी. मग ती ओळ सेटिंग्ज ग्रेडलमध्ये टाकली. आता परत पहिलीच एरर. सबमिशन जवळ आलंय.

उत्तर : तू फार जवळ पोचला आहेस, घाबरू नकोस. पहिली एरर पुन्हा उघड आणि यावेळी लाल ओळीच्या खाली वाच. तिथे ग्रेडलने, म्हणजे लायब्ररी आणून अँड्रॉइड ॲप बांधणाऱ्या साधनाने, लिहिलेलं असतं, ‘सर्च्ड इन द फॉलोइंग लोकेशन्स’, आणि खाली पत्ते. गूगलचा पत्ता असेल, मेव्हन सेंट्रलचा असेल. त्यात जिटपॅकचा पत्ता आहे का? माझी खात्री आहे की नाही. म्हणजे तू ओळ टाकलीस खरी, पण ग्रेडलने ती या कामासाठी वाचलीच नाही.

कारण सेटिंग्ज ग्रेडल फाइलमध्ये ‘रिपॉझिटरीज’ नावाचे दोन ठोकळे असतात आणि दोन्ही अगदी सारखे दिसतात. वरचा ‘प्लगइन मॅनेजमेंट’च्या आत असतो. ग्रेडलला स्वतःचे प्लगइन कुठून आणायचे ते तिथे लिहायचं. खालचा ‘डिपेन्डन्सी रेझोल्यूशन मॅनेजमेंट’च्या आत असतो. तुझ्या ॲपच्या लायब्ररी कुठून आणायच्या ते इथे. फाइल उघडली की पहिला ठोकळा समोर येतो आणि ओळ तिथे पडते. ती उचलून खालच्या ठोकळ्यात टाक, ‘सिंक’ कर. आमच्या ऑफिसात दूधाच्या फॅटचे आलेख याच लायब्ररीवर आहेत आणि नवीन लॅपटॉपवर प्रोजेक्ट मांडताना मी सगळ्यात आधी हा ठोकळा तपासते.

व्हिडिओ चुकीचा नव्हता, जुना होता. पूर्वी रिपॉझिटरी रूटच्या बिल्ड फाइलमध्ये ‘ऑल प्रोजेक्ट्स’खाली लिहायच्या. अलीकडचा अँड्रॉइड स्टुडिओ नवीन प्रोजेक्ट बनवताना हे सगळं सेटिंग्ज फाइलमध्ये आणतो आणि दुसरीकडे कुठे लिहिलंस तर बिल्ड फोडायचं, असा नियमही घालतो. तुला आलेली दुसरी एरर ती हीच.

आता आवृत्तीचा आकडा. जिटपॅक हे गिटहबवरच्या कोडवरून लायब्ररी बनवून देतं, त्यामुळे आवृत्ती म्हणजे गिटहबवरचा टॅग, अक्षरन् अक्षर. एमपीअँड्रॉइडचार्टचा टॅग ‘व्ही ३.१.०’ असा आहे. पुढचा ‘व्ही’ गाळलास तर ती आवृत्ती अस्तित्वातच नाही असं उत्तर येईल.

हे झालं की सिंक होईल, आणि मग कदाचित तू इम्पोर्ट लिहिताना अडशील. डिपेन्डन्सीच्या ओळीत आहे ‘कॉम.गिटहब.फिलजे’, इम्पोर्टमध्ये मात्र ‘कॉम.गिटहब.मिकफिल.चार्टिंग’. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं नाव लायब्ररी आणायचं, दुसरं तिच्या आतल्या पॅकेजचं. इथे एक भेद पक्का लक्षात ठेव, तो तुला नोकरीतही उपयोगी पडेल. ‘कुड नॉट फाइंड’ ही तक्रार ग्रेडलची असते, लायब्ररी आणतानाची. ‘अनरिझॉल्व्ह्ड रेफरन्स’ ही तक्रार कॉटलिनच्या कंपायलरची असते, आणलेल्या लायब्ररीतलं नाव न जुळल्याची. पहिलीसाठी ग्रेडलच्या फाइल्स बघायच्या, दुसरीसाठी तुझा कोड. मुलं दुसरी एरर आली तरी ग्रेडलच खणत बसतात आणि चाललेलंही मोडून ठेवतात.

तुझ्या वर्गमित्रांसाठी आणखी दोन गोष्टी. जुन्या व्हिडिओंत ‘जेसेंटर’ नावाची रिपॉझिटरी दिसेल. ती चालवणाऱ्या जेफ्रॉगने ३ फेब्रुवारी २०२१ ला ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर ती काही वर्षं फक्त वाचण्यापुरती चालू होती आणि १५ ऑगस्ट २०२४ पासून तिच्याकडे आलेली मागणी मेव्हन सेंट्रलकडे वळवली जाते. ज्यांनी आपली लायब्ररी वेळेवर हलवली त्यांची मिळते. ज्यांनी हलवली नाही त्यांची लायब्ररी जेसेंटरच्या पत्त्यावर मिळायची नाही, मग ओळ कितीही वेळा तपासली तरी. अशा वेळी लायब्ररीच्या गिटहबच्या पानावर जाऊन आजचा पत्ता काय दिलाय ते बघायचं, नसेल दिला तर दुसरी लायब्ररी धरायची. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये ‘ऑफलाइन मोडसाठी कॅश्ड आवृत्ती नाही’ अशी एरर आली तर कुणीतरी डेटा वाचवायला ग्रेडलचा ऑफलाइन मोड चालू ठेवला आहे. अँड्रॉइड स्टुडिओत उजवीकडच्या ग्रेडलच्या पट्टीत ते बटण असतं. बंद कर, सिंक कर.

प्रश्न : मी रत्नागिरीची. आमच्या आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी घ्यायला फ्लटरमध्ये छोटं ॲप शिकत शिकत बनवतेय. गिऱ्हाइकाचा पत्ता फोनमध्ये साठवायला शेअर्ड प्रेफरन्सेस टाकलं. कोडमध्ये कुठेही लाल रेघ नाही, पण बटण दाबलं की ‘मिसिंग प्लगइन एक्सेप्शन’. हॉट रीलोड, हॉट रीस्टार्ट दोन्ही करून बघितलं.

आणखी एक प्रश्न : सोलापुरात आमचं कापडाचं दुकान आहे. मुलाने रिॲक्ट नेटिव्हमध्ये बिलाचं ॲप केलंय, एक्स्पो गोवर चालवतो. ब्लूटूथ थर्मल प्रिंटरची लायब्ररी टाकली तर ॲप उघडतानाच ‘नेटिव्ह मॉड्यूल सापडलं नाही’. लायब्ररी तर नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात दिसते आहे.

उत्तर : तुम्हा दोघांचं दुखणं एकच आहे, म्हणून एकत्र लिहिते. फोनच्या आतल्या गोष्टींना हात लावणारी लायब्ररी दोन भागांत असते. एक भाग डार्टमध्ये (फ्लटरची भाषा) किंवा जावास्क्रिप्टमध्ये, जो तुमचा कोड बघतो. दुसरा भाग कॉटलिन, जावा किंवा स्विफ्टमध्ये, जो प्रत्यक्ष प्रिंटरशी किंवा फोनच्या साठवणीशी बोलतो. पहिला भाग तुमच्याकडे आलाय, म्हणून एडिटर खूश आहे. दुसरा भाग फोनवरच्या ॲपमध्ये शिरलेलाच नाही.

रत्नागिरीच्या ताईंनी ॲप पूर्ण थांबवायचं आणि पुन्हा रन करायचं. हॉट रीलोड आणि हॉट रीस्टार्ट दोन्ही फक्त डार्टचा कोड बदलतात. फोनवर बसलेली एपीके (ॲपची इन्स्टॉल होणारी फाइल) तीच राहते, प्लगइन टाकण्याआधीची. लाल चौकोनाचं बटण दाबून थांबवा, मग नव्याने रन करा म्हणजे नवी एपीके बनेल आणि तिच्यात दुसरा भाग येईल. तरीही नाही झालं तर फोनवरून ॲप काढून ‘फ्लटर क्लीन’ करा आणि पुन्हा रन करा. बहुतेक तोवर जायची वेळच येणार नाही. नवीन प्लगइन टाकलं की ॲप थांबवून चालवायचं, ही सवयच लावून घ्या.

सोलापूरच्या काकांसाठी : एक्स्पो गो हे प्ले स्टोअरवरून घेतलेलं तयार ॲप आहे. त्यात कोणते नेटिव्ह भाग आहेत हे एक्स्पोने आधीच ठरवलेलं असतं आणि तुमच्या प्रिंटरचा भाग त्यात नाही. तो बाहेरून घालताही येत नाही. मुलाला सांगा की ‘डेव्हलपमेंट बिल्ड’ बनव. संगणकावर अँड्रॉइड स्टुडिओ असेल तर ‘एक्स्पो रन अँड्रॉइड’ ही कमांड तुमच्या लायब्ररींसकट तुमचं स्वतःचं ॲप बांधून फोनवर टाकते. नसेल तर एक्स्पोच्या सर्व्हरवर बिल्ड करता येतं. पुढे कोडमधले बदल आत्तासारखेच लगेच दिसतील, बिल्ड पुन्हा करावं लागेल ते फक्त नवी नेटिव्ह लायब्ररी टाकली की. प्रिंटरच्या लायब्ररीच्या माहितीत ‘रिॲक्ट नेटिव्ह लिंक’ चालवा असं लिहिलेलं असेल तर ती माहिती जुनी आहे. २०१९ मध्ये रिॲक्ट नेटिव्हच्या ०.६० आवृत्तीपासून हे जोडणं आपोआप होतं. मात्र ज्या लायब्ररीची माहिती त्यानंतर बदललेली नाही तिचा कोडही बहुधा बदललेला नसतो. दुकानाचं बिल रोज त्यावर निघणार आहे, तेव्हा अलीकडे कुणी हात फिरवलेली लायब्ररी निवडा.

प्रश्न : मी नागपुरात फ्रीलान्स काम करते. चॅटबॉटने एक एनपीएम पॅकेज (एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्ट लायब्ररींचा साठा) सुचवलं, वापरायचं कसं याचा कोडही दिला. इन्स्टॉल करताना ‘४०४, सापडलं नाही’. त्याला विचारलं तर माफी मागून त्याने जवळपास तसंच दुसरं नाव दिलं. ते इन्स्टॉल झालं, पण त्यात त्याने सांगितलेलं फंक्शनच नाही. हे काय प्रकरण आहे?

उत्तर : हे पत्र मला सगळ्यात काळजीचं वाटलं, तेव्हा आधी एक करा : ते दुसरं पॅकेज लगेच काढून टाका, आणि ज्या संगणकावर ते इन्स्टॉल केलंत तिथे ठेवलेल्या की, टोकन, पासवर्ड बदला. कदाचित ते निरुपद्रवी असेल. पण ते कुणाचं आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि एनपीएमवरचं पॅकेज इन्स्टॉल होता होताच स्वतःची स्क्रिप्ट तुमच्या संगणकावर चालवू शकतं. तुम्ही ते इम्पोर्ट केलं की नाही याने फरक पडत नाही.

चॅटबॉट पॅकेजची नावं कानाला पटतील अशी रचतो. नाव पटण्यासारखं असतं, म्हणूनच आपण ते तपासत नाही. आणि अशी वारंवार सुचवली जाणारी, अस्तित्वात नसलेली नावं हेरून त्या नावाने घातक पॅकेज चढवता येतं, हा धोका सुरक्षेचे अभ्यासक उघडपणे मांडत आहेत. म्हणजे आज ४०४ देणारं नाव उद्या इन्स्टॉल होईल, आणि ते जास्त वाईट.

खऱ्या, नावाजलेल्या पॅकेजचंही काय होऊ शकतं ते २०१८ मध्ये दिसलं. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे लाखोंनी वापरलेलं पॅकेज मूळ लेखकाने सांभाळायला एका अनोळखी स्वयंसेवकाकडे दिलं. त्या माणसाने त्यात ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ नावाची एक डिपेन्डन्सी (त्याच्याबरोबर आपोआप येणारं दुसरं पॅकेज) जोडली, आणि तिच्या आत लपवलेला कोड कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेट ॲपमधून पैसे चोरण्यासाठी लिहिलेला होता. ज्यांनी इव्हेंट-स्ट्रीम घेतलं त्यांनी फ्लॅटमॅप-स्ट्रीमचं नावही ऐकलेलं नव्हतं. आणि नुसतं पॅकेज नाहीसं झाल्याने काय होतं याचं उदाहरण २०१६ च्या मार्चमधलं. ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढलं आणि त्यावर अप्रत्यक्षपणे उभी असलेली जगभरातली बिल्ड्स ‘मॉड्यूल सापडलं नाही’ म्हणत फुटली. नंतर एनपीएमला पॅकेज काढून घेण्याचे नियमच बदलावे लागले.

तुम्ही गिऱ्हाइकाच्या पैशाचं, त्याच्या ग्राहकांच्या माहितीचं काम करता. म्हणून नाव कुणीही सुचवलं तरी आधी एनपीएमच्या साइटवर ते पान उघडा. गिटहबची लिंक आहे का, ती उघडते का, तिथे खरोखर हाच कोड आहे का, शेवटचा बदल कधीचा, ‘इश्यूज’मध्ये माणसं बोलताना दिसतात का. स्पेलिंग एकेक अक्षर ताडून बघा, कारण नावाजलेल्या पॅकेजच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करूनही सापळे लावलेले असतात. आणि लॉक फाइल गिटमध्ये ठेवा. आपल्याकडे बरेच जण ती ‘आपोआप बनते’ म्हणून वगळतात. तुमच्या संगणकावर नेमक्या कोणत्या आवृत्त्या घेऊन ॲप चाललं याची तीच एक नोंद आहे, आणि दुसऱ्या संगणकावर ‘एनपीएम सीआय’ चालवलं की त्याच आवृत्त्या येतात.

प्रश्न : मडगावहून लिहितेय. एक फ्लटर पॅकेज थोडं बदलायचं होतं म्हणून त्याचा कोड आमच्याच रेपोत कॉपी करून घेतला. माझ्या विंडोज लॅपटॉपवर बिल्ड होतं, गिटहबच्या सर्व्हरवर मात्र फाइल सापडत नाही म्हणून फुटतं. फाइल रेपोत आहे, मी बघितली.

उत्तर : फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावातलं लहान-मोठं अक्षर बघा. विंडोजला आणि नेहमीच्या मॅकला ‘विजेट्स’ कॅपिटल डब्ल्यूने लिहिलं काय आणि स्मॉलने लिहिलं काय, एकच. गिटहबच्या सर्व्हरवर तुमचं बिल्ड लिनक्सवर चालतंय आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं आहेत. इम्पोर्टच्या ओळीत एक आणि डिस्कवर दुसरं असं झालेलं असणार. डार्टमध्ये फाइल्सची नावं सगळी स्मॉल अक्षरांत ठेवायची पद्धत आहे, तीच पाळा.

नाव बदलताना एक अडचण येईल. विंडोजवर नुसतं कॅपिटलचं स्मॉल अक्षर केलं तर गिटला तो बदल दिसत नाही, तुम्ही कमिट करता आणि सर्व्हरवर जुनंच नाव राहतं. म्हणून ‘गिट एमव्ही’ने दोन पायऱ्यांत करा : आधी भलतंच तात्पुरतं नाव द्या, मग तिथून हवं ते नाव द्या, आणि दोन्ही झाल्यावर कमिट करा. पुश केल्यावर गिटहबच्या पानावरचं नाव आणि इम्पोर्टमधलं नाव शेजारी ठेवून वाचा.